तयारीच्या वेषातला व्यत्यय

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी कोड लिहून दाखवाव्या लागणाऱ्या तांत्रिक मुलाखतीची तयारी करणाऱ्याला ‘फोन दूर ठेव’ हा सल्ला इतक्या जणांनी दिलेला असतो की तो कानावर पडत असतानाच त्याचे लक्ष उडालेले असते. सल्ला खोटा नाही, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे; पण फोन हा निदान उघड शत्रू आहे. तो हातात घेतला की आपण अभ्यास सोडून भलतेच काहीतरी करत आहोत हे आपले आपल्याला कळते, आणि ती टोचणी थोड्या वेळाने का होईना, आपल्याला जागेवर आणून बसवते. मला अधिक भीती वाटते ती तयारीचाच वेष घेऊन येणाऱ्या व्यत्ययांची. दुसऱ्या कुणीतरी सोडवलेल्या प्रॉब्लेमचा लांबलचक व्हिडिओ, अमुक कंपनीच्या तिसऱ्या राउंडमध्ये काय विचारले याची साग्रसंगीत हकिगत, ‘एवढे केले की बाकी काही नको’ अशी ग्वाही देणारी प्रश्नांची यादी, नोट्स ठेवायला कोणते ॲप चांगले यावरचा खल, जावा बरी की पायथन बरी हा कधीही न मिटणारा वाद, यांत अख्खी संध्याकाळ निघून जाते. टोचणी कुठेच लागत नाही. उलट दिवस सत्कारणी लागला या समाधानात माणूस झोपी जातो.

अशा मुलाखती मी दिल्या आहेत, आणि आता काही वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून घेतल्याही आहेत. पलीकडून पाहताना उमेदवारांचा एक प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. प्रश्न वाचून होताच चेहरा उजळतो, ‘हा स्लायडिंग विंडोचा प्रश्न आहे’, म्हणजे सरकत्या खिडकीच्या रीतीने सुटणारा, असे ते अचूक ओळखतात, टाइम कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे इनपुट वाढेल तसा लागणारा वेळ कसा वाढेल, तेही सांगून टाकतात, आणि मग कोड लिहायला घेतल्यावर पहिल्याच लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेरीच्या) अटीपाशी त्यांचा हात थबकतो. ही माणसे आळशी नसतात. महिनोन्‌महिने त्यांनी खस्ता खाल्लेल्या असतात. फक्त त्या कष्टांतला मोठा हिस्सा पाहण्यात गेलेला असतो आणि करण्याचे काम रोज उद्यावर ढकलले गेलेले असते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अशा वेळी आठवतो. विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासाला दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी ते बाजूला सारून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले आणि आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना चांगलेच मागे टाकले. त्याच अभ्यासातली दुसरी एक नोंद मला अधिक बोलकी वाटते: आपल्याला जास्त काळ लक्षात राहील असा भरवसा वारंवार वाचणाऱ्यांनाच अधिक होता. मुलाखतीच्या तयारीत होणारी फसगत हीच आहे. सोडवलेले उत्तर बघताना प्रत्येक ओळ पटत जाते, आणि पटले म्हणजे आले असा समज पक्का होतो. म्हणून व्हिडिओंच्या बाबतीत मी कडक आहे. स्वतः झटून पुरते अडकल्याखेरीज उत्तर बघू नये, आणि बघितलेच तर ती खिडकी बंद करून तोच प्रॉब्लेम कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून लिहून काढावा. हा दुसरा भाग गाळला, तर पहिल्याचा उपयोग करमणुकीपलीकडे फारसा होत नाही.

लक्ष नेमके केव्हा उडते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एक नेहमीचा प्रश्न घेऊ: दिलेल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब सलग तुकडा किती लांबीचा आहे ते काढायचे. रीत बहुतेकांना ठाऊक असते. खिडकीची, म्हणजे सध्या पाहत असलेल्या तुकड्याची, डावी आणि उजवी अशा दोन कडा धरायच्या, उजवी कड एकेक अक्षर पुढे सरकवायची, प्रत्येक अक्षर शेवटचे कुठे दिसले याची नोंद हॅशमॅपमध्ये, म्हणजे अक्षर दिले की त्याची नोंद काढून देणाऱ्या तक्त्यात, ठेवायची, आणि एखादे अक्षर पुन्हा आले की डावी कड त्याच्या आधीच्या जागेच्या एक घर पुढे न्यायची. आता ‘अबबअ’ ही चार अक्षरे घ्या आणि जागा शून्यापासून मोजा. दुसरा ब आला, त्याची आधीची नोंद १ होती, म्हणून डावी कड २ वर गेली. इथवर सगळे सुरळीत आहे. मग शेवटचा अ येतो. त्याची आधीची नोंद ० आहे, आणि नियम डोळे झाकून पाळला तर डावी कड १ वर, म्हणजे चक्क मागे येते. खिडकीत ‘बबअ’ शिरते आणि उत्तर २ यायचे ते ३ येते. डावी कड कधीही मागे येता कामा नये, म्हणून तिची सध्याची जागा आणि नवी जागा यांतली जी मोठी असेल ती घ्यायची, एवढाच काय तो इलाज. पण तो सुचण्याआधीची दोन-चार मिनिटे फार वाईट असतात. उत्तर चुकते आहे हे दिसत असते, का चुकते ते दिसत नसते, आणि डावी कड, उजवी कड, नोंदींचा तक्ता व आतापर्यंतची कमाल लांबी या चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायच्या असतात.

माणसाच्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेऊन मांडले. त्याआधी जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधल्या लेखामुळे सात हा आकडा रूढ झाला होता. कोवन यांचा हिशेब धरला तर त्या मिनिटांत डोके काठोकाठ भरलेले असते. संदेशाची एक ओळ वरवर वाचली तरी चारांतले काहीतरी सांडते, आणि मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून मोजत यावे लागते. पण माझ्या पाहण्यात असे आले आहे की त्या मिनिटांत फोन वाजावाही लागत नाही. अडकल्याची ती अस्वस्थता नकोशी होते आणि हात आपसूक कुठेतरी वळतो: फोनकडे, दुसऱ्या टॅबकडे, ‘जरा इतरांनी डिस्कशनमध्ये काय म्हटले आहे ते पाहू’ या सबबीकडे. सोपा प्रॉब्लेम सोडवताना तासभर कुणालाही काही आठवत नाही आणि अवघड प्रॉब्लेमच्या दहाव्या मिनिटाला मात्र जगातली सगळी राहिलेली कामे आठवतात, हे बहुतेकांनी अनुभवले असेल. तेव्हा व्यत्यय कमी करायचा म्हणजे बरेचसे काम या अडकलेल्या मिनिटांत बसून राहण्याचे आहे, आणि ते कोणत्याही ॲपला आपल्यासाठी करता येत नाही.

बसून राहण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे कागद. डोक्यात चार गोष्टी धरण्याऐवजी चार रकाने आखायचे आणि कोडची प्रत्येक फेरी एकेका ओळीत हाताने भरत जायचे. ‘अबबअ’च्या चौथ्या ओळीत डाव्या कडेच्या रकान्यात २ खाली १ पडलेला दिसला की चूक कुठे आहे ते सांगायला कुणी लागत नाही. शिवाय मध्ये दार वाजले, कुणी हाक मारली, तरी कागदावरचे आकडे उडून जात नाहीत. अडकल्यावर किती वेळ झुंजावे याबद्दल ठाम आकडा सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण अर्ध्या तासाच्या आसपास नवे काहीही सुचत नसेल तर उत्तराऐवजी फक्त इशारा पाहावा आणि पुन्हा कागदाकडे वळावे, हे बहुतेकांना झेपते. पंचवीस मिनिटे काम, मग घंटा आणि छोटी विश्रांती अशी पोमोडोरो पद्धत मात्र या कामाला मला अपुरी वाटते. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती विद्यार्थी असताना स्वतःसाठी बसवली, आणि वाचन किंवा उजळणी यांना ती छान लागू पडते. पण अवघड प्रॉब्लेम नुकता उलगडू लागलेला असतानाच घंटा वाजली, तर ती घंटाही एक नोटिफिकेशनच ठरते. कोडिंग राउंड बहुधा पाऊण ते एक तासाचा असतो. सरावाची बैठकही तेवढीच ठेवली, तर निदान बसण्याची सवय तरी होते.

आता फोन. एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत आणि काहींचा दुसऱ्या खोलीत ठेवला होता. सर्वांचे फोन आवाज बंद केलेले होते. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची स्मृती आणि तर्काच्या चाचण्यांतली कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. पुढे इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा सगळ्यांनाच तोच परिणाम आढळला असे झाले नाही, आणि हे सांगायला हवे, कारण या प्रयोगाचा दाखला हल्ली कुणीही कशासाठीही देतो. तरीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला काहीच लागत नाही, आणि अडकलेल्या मिनिटाला तिथपर्यंत उठून जावे लागते हा त्याचा फायदा कोणत्याही प्रयोगाविना पटण्यासारखा आहे. रिक्रूटरचा फोन येईल ही भीती असेल तर तेवढ्या एका नंबरची घंटी चालू ठेवता येते. आवाज, हेडफोन, टेबल भिंतीकडे असावे की खिडकीकडे, यांवर लिहिण्यासारखे माझ्याजवळ फार नाही. ज्याला ज्यात बरे वाटते ते त्याने करावे आणि त्यावर व्हिडिओ पाहत बसू नये.

नोकरी करता करता तयारी करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्यापुढे पुस्तक उघडे असते आणि डोक्यात दुपारचा न सापडलेला बग, म्हणजे कोडमधली चूक, चालू असतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला: एका कामावरून दुसऱ्यावर गेल्यावर लक्षाचा काही अंश पहिल्याच कामापाशी रेंगाळतो, आणि पहिले काम अर्धवट राहिले असेल तर तो अधिक रेंगाळतो. पुढे २०११ मध्ये ई. जे. मासिकँपो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी दाखवले की राहिलेले काम पूर्ण केले नाही, पण ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली, तरी त्याची टोचणी बरीच कमी होते. यातून निघणारी युक्ती साधी आहे. ऑफिसचा लॅपटॉप मिटण्याआधी ‘उद्या सकाळी अमुक लॉग पाहायचा, तमुक फंक्शनला कोणते इनपुट येते ते तपासायचे’ अशा दोन ओळी लिहून ठेवायच्या. ‘बग सोडवणे’ एवढेच लिहिले तर उपयोग होत नाही, कारण ती योजना नसते, नुसती आठवण असते. अर्ज कुठवर पोचला, रिक्रूटरचे उत्तर आले का, प्रोफाइल कुणी पाहिले, ही कामेही अशीच एका ठरावीक वेळेला बांधून टाकावीत. नोकरी शोधण्याच्या काळात मेल उघडणे हे काम वाटते खरे, पण दिवसातून विसाव्यांदा उघडलेल्या मेलमध्ये असे काही नसते की जे संध्याकाळी एकदा पाहून चालले नसते.

याद्यांबद्दल थोडे रागानेच लिहावे लागेल. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर आज तीन हजारांहून अधिक प्रॉब्लेम आहेत. त्या गर्दीतून वाट काढायला ब्लाइंड ७५ सारख्या निवडक प्रॉब्लेमच्या याद्या निघाल्या हे चांगलेच झाले, पण आता याद्यांचीच गर्दी झाली आहे. एका यादीतले थोडे सोडवून झाले की दुसरी अधिक शास्त्रशुद्ध वाटू लागते, तिसरी अधिक ताजी वाटते, आणि या धरसोडीत ॲरेसारख्या पहिल्या विषयाचे प्रॉब्लेम तीनदा होतात व ग्राफ, बॅकट्रॅकिंग, डायनॅमिक प्रोग्रामिंग या पुढच्या विषयांपर्यंत माणूस कधी पोचतच नाही. याद्यांमधला फरक खरे तर किरकोळ असतो. टू पॉइंटर, बायनरी सर्च, ट्री आणि ग्राफवरची भटकंती, हीप, इंटरव्हल हे विषय सगळ्यांतच असतात. कोणतीही एक घ्यावी आणि ती संपेपर्यंत दुसरीचे तोंड पाहू नये. रोज बसताना ‘आज काय करू’ हा प्रश्न पडला की त्या प्रश्नाच्या उत्तरातच सर्वांत ताजी वीस मिनिटे खर्ची पडतात. आदल्या रात्री उद्याचा प्रॉब्लेम ठरवून तेवढाच टॅब उघडा ठेवला, तर सकाळी तो निर्णय उरत नाही.

स्ट्रीकचेही तसेच. सलग किती दिवस सोडवले याचा तो आकडा सुरुवातीला उपयोगी पडतो. आरंभशूर माणसाला तो काही आठवडे टिकवून धरतो. पण पुढे पुढे आकडा जपणे हेच ध्येय होऊन बसते, आणि मध्यरात्रीच्या जरा आधी, डोळ्यांवर झापड असताना, पूर्वीच सोडवलेला ‘ईझी’ प्रॉब्लेम शोधून तो पुन्हा सबमिट करण्याची पाळी येते. साइटवरचा त्या दिवसाचा हिरवा चौकोन भरतो. काल चुकलेला प्रॉब्लेम आज न पाहता पुन्हा लिहिता येतो का, या प्रश्नाचे उत्तर तो चौकोन देत नाही, आणि माझ्या मते मोजण्यासारखी गोष्ट फक्त तीच आहे.

अलीकडे यात एका नव्या सोबत्याची भर पडली आहे. एआय असिस्टंट कोड लिहायच्या एडिटरमध्येच बसलेला असतो आणि आपण फंक्शनचे नाव लिहिताच पुढच्या दहा ओळी फिकट अक्षरांत पुढे करतो. रोजच्या कामात त्याची मदत नाकारण्याचे कारण नाही, पण सरावाच्या वेळी तो आपल्या वाटणीची अडकलेली मिनिटे स्वतःच खाऊन टाकतो. काही कंपन्या मुलाखतीत अशी साधने वापरू देतात, पुष्कळशा अजूनही देत नाहीत. आपल्याला बोलावणाऱ्या कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा आणि सराव त्याला धरून करावा. तोवर ऑटोकम्प्लीट बंद केलेला साधा एडिटर बरा. चॅटला विचारायचेच असेल, तर स्वतःचा कोड लिहून झाल्यावर ‘हा कोणत्या इनपुटवर मोडेल’ असे विचारावे. त्या प्रश्नाने विचार पुढे जातो; ‘उत्तर दे’ म्हटल्याने तो तिथेच संपतो.

एवढे सगळे जमवून, दार लावून, शांत खोलीत रोज तासभर बसणाऱ्या माणसालाही मुलाखतीत एका व्यत्ययाला तोंड द्यावे लागते, आणि तो म्हणजे समोर बसलेला माणूस. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी प्रॉब्लेम मुलाखतकारासमोर व्हाइटबोर्डवर मोठ्याने विचार करत सोडवला, काहींनी तोच प्रॉब्लेम बंद खोलीत एकट्याने सोडवला. नजरेखाली सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्येच म्हटले होते की इतरांच्या उपस्थितीत अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते आणि नवी, कच्ची गोष्ट बिघडते. मुलाखत घेणाऱ्या आम्हा लोकांनी यावर विचार करायला हवा, हे तर उघडच आहे. पाठीवर कुणाची नजर असताना प्रत्यक्ष नोकरीत सहसा कुणी कोड लिहीत नाही. पण जोवर पद्धत हीच आहे, तोवर उमेदवाराला त्या नजरेची सवय करून घेणे भाग आहे.

म्हणून तयारीचा क्रम मला असा योग्य वाटतो की आधीचे आठवडे पूर्ण शांततेत घालवावेत, आणि रीत हाताला बसली की शांतता मुद्दाम मोडावी. प्रथम एकट्यानेच, पण मोठ्याने बोलत सोडवावे. सुरुवातीला बोलणे आणि विचार एकमेकांच्या पायात येतात, वाक्य संपेपर्यंत अट निसटते, आणि काही दिवसांनी दोघांची चाल जुळते. त्यानंतर मित्राला समोर बसवून मॉक इंटरव्ह्यू द्यावा. मित्राने गप्प बसून मान डोलवू नये. त्याने मध्येच ‘इथे हॅशमॅपच का’ असे विचारावे, रिकामी स्ट्रिंग दिली तर काय होईल असे विचारावे, एखादा इशारा अर्धवट द्यावा, कारण मुलाखतकार नेमके हेच करतो आणि बहुतेक वेळा मदतीच्या हेतूने करतो. उमेदवार पुष्कळदा तो इशारा ऐकतच नाहीत. नुकतीच मनात जुळवलेली मांडणी ढळू नये म्हणून ते ‘हो, हो’ म्हणत लिहीत राहतात आणि चुकीच्या वाटेने आणखी दहा ओळी पुढे जातात. त्यापेक्षा ‘ही एक अट लिहून घेतो, मग आपल्या प्रश्नाकडे येतो’ असे सरळ सांगावे, ओळ पूर्ण करावी, पुढे काय करायचे होते ते कॉमेंटमध्ये दोन शब्दांत नोंदवावे आणि मगच मान वर करून ऐकावे. असे म्हणणाऱ्या उमेदवाराचे गुण मी तरी कधी कापलेले नाहीत, आणि माझ्याबरोबर मुलाखती घेणाऱ्या कुणी कापलेलेही पाहिलेले नाही.